काळ्या गाडीवरची राख

"आता ते कोणाले भेटत नाहीत. गाडीची अंघोळ चालू हाय."

फाटकाशी आमचा दूधवाला कुणाला तरी सांगत होता. ऐकणारा धानाचा दलाल असावा. तो हिंदीत कुरकुरला की भाईसाहबांनी स्वतःच सकाळी बोलावलं होतं. दूधवाल्यानं कॅन मोटरसायकलला अडकवता अडकवता त्याची समजूत घातली. ऊन भिंतीवरून उतरून गाडीपर्यंत आलं की ते आपोआप उठतात, उन्हात गाडी धुतली तर रंगावर पाण्याचे डाग राहतात म्हणे, तोवर टपरीवर चहा घ्या. गाडी धुण्याचं शास्त्र एव्हाना आमच्या दूधवाल्यालाही पाठ झालं होतं.

मी वरच्या खिडकीत उभी होते. खाली अंगणात मोठेबाबा गोणपाटावर गुडघे टेकून बसले होते. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातातलं घड्याळ आणि अंगठ्या काढून कठड्यावर ठेवलेल्या, कमरेचा पट्टासुद्धा काढलेला, कारण पट्ट्याचं बक्कल रंगाला घासू शकतं. उजव्या हातात मेंढीच्या लोकरीसारखा मऊ मोजा. तो साबणाच्या पाण्यात बुडवायचा, गाडीवरून एकदा सरळ फिरवायचा, दुसऱ्या बादलीत खळबळायचा आणि मगच पुन्हा साबणात घालायचा. हा माणूस घरात कधी स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास भरून घेत नव्हता. जेवताना मीठ ताटाजवळ असलं तरी "मीठ" एवढं म्हणून थांबायचा. त्याला असं गुडघ्यांवर बघणं मला सुरुवातीला फार गोड वाटलं होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल त्यांची, आणि मिलच्याच आवारात पुढच्या बाजूला आमचं घर. माझे आईवडील लांजीला. वडील तिथल्या शाळेत शिक्षक. बालाघाटची इंग्रजी शाळा चांगली म्हणून मला लहानपणीच मोठेबाबांकडे आणून ठेवलं. त्यांना मूल नव्हतं, आणि मी जड होईन असं त्या घरात कुणी कधी वाटू दिलं नाही.

शाळेत पालकांना बोलावलं की ते कोट घालून यायचे आणि पहिल्या रांगेत बसायचे. इंग्रजी एक अक्षर कळायचं नाही. माझ्या वर्गशिक्षिकेला त्यांनी दरवर्षी एकच प्रश्न विचारला, "बच्ची डब्बा पूरा खाती है ना?" एका वर्षी त्या बाई म्हणाल्या की मुलगी हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही, काहीतरी करा. मोठेबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हमारे घर में सब बोलने वाले हैं मैडम, एक सुनने वाली भी चाहिए." त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते पुढे बरीच वर्षं टिकलं.

गाडी दसऱ्याच्या तोंडावर आली. नागपूरहून बंद ट्रकमधून. काळी, दोन दारांची, इतकी बुटकी की शेजारच्या पोरांनी तिला पहिल्याच दिवशी बेडकी हे नाव ठेवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक होता, त्यावरून ती पोट घासल्याशिवाय येईना. शेवटी चार लोकांनी फळ्या आडव्या टाकल्या आणि ती तिरकी तिरकी, बाळंतिणीसारखी सांभाळून आत आणली. मोठेबाबांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं. आयुष्यभर त्यांनी जीपच वापरली होती. ही कल्पना त्यांच्या मनात कधी शिरली, कुणाला माहीत नाही. एकदा मला म्हणाले होते की तरुणपणी रायपूरला एका कारखानदाराच्या दारात अशी गाडी पाहिली होती, हात लावायला गेलो तर पहारेकऱ्यानं हटकलं.

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, गाडीत बसायला गेली आणि तिला बाहेर निघता येईना. मी एका हाताला धरलं, शेजारणीनं दुसऱ्या. बाहेर येऊन तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "एवढा डौल कायले? पाटावर बसवलं असतं तं फुकटात झालं असतं." तिला दम लागला होता, पण हसली. त्या दिवसापासून ती गाडीला "धाकटी" म्हणू लागली. सकाळी पोहे झाले की मला म्हणायची, "पाह्य व बाई, धाकटीची अंघोळ आटोपली का. मंग आपल्याले पुसतीन."

दसऱ्याला भटजी आले. त्यांनी सवयीनं कुंकवाची वाटी उचलली आणि बोनेटवर स्वस्तिक काढायला वाकले. मोठेबाबांनी त्यांचा हात वरच्यावर धरला. कुंकू नाही, हळद नाही, अक्षता तर मुळीच नाहीत, तांदळाचं टोक रंगाला लागतं. तांदळाच्या मिलचा मालक हे सांगत होता. हारही नको, दोऱ्याला गाठ असते. मग स्वस्तिक एका विड्याच्या पानावर काढलं, ते पान मऊ फडक्यावर ठेवलं आणि ते फडकं काचेपाशी. नारळ फाटकाबाहेर फोडला, शिंतोडे उडू नयेत म्हणून. भटजी दक्षिणा घेताना एवढंच म्हणाले की अशी कडक सोवळ्यातली गाडी आपण आयुष्यात पाहिली नाही. मोठेबाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. स्वतःवर हसता येत होतं त्यांना. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात हे हरवून जाईल.

गाडीची निगा कशी राखायची हे ते फोनवरच्या व्हिडिओतून शिकले. ते व्हिडिओ इंग्रजीत. म्हणून दुपारी जेवण झालं की झोपाळ्यावर ते, शेजारी मी, आणि मधे फोन. मी थोडं ऐकायची, थांबवायची, सांगायची. मला बोलणं जमत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवणं जमतं. ते मान डोलावत ऐकायचे. मिलवरून बोलावणं आलं तरी हातानं थांबवायचे. माझ्या सगळ्या शिक्षणाचा त्यांना पहिल्यांदा काही उपयोग होत होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

त्यातून त्यांचे नियम तयार झाले. वरून खाली यायचं. गोल गोल पुसायचं नाही. चाकांचा कपडा वेगळा. पुसायचा कपडा एकदा जमिनीवर पडला की तो गाडीच्या कामातून गेला, मग तो कितीही झटका. असे पडलेले कपडे स्वयंपाकघरात यायचे. मोठी आई ते ओट्याला वापरायची आणि म्हणायची, "धाकटीले नाही चालत ते आपल्याले चालते." मोठेबाबांचा सगळ्यात आवडता शब्द मात्र "सरकव" हा होता. कुणी मदतीला आलं की पहिल्यांदा हेच. "दाबू नको. सरकव. रंग कातडीसारखा असते, दाबला का दुखते." मी आता नागपुरात राहते. माझी जुनी स्कूटी धुताना माझा हात आजही सरळ रेषेत जातो, मला नको असलं तरी.

आता राखेबद्दल सांगायला हवं.

उसना तांदूळ करायचा तर धान आधी वाफेवर उकडावं लागतं. वाफेसाठी बॉयलर, आमच्याकडे सगळे त्याला भट्टीच म्हणतात. भट्टीत धानाचाच भुसा जळतो. आणि भुसा जळला की त्याची बारीक, काळी, हलकी राख धुराड्यातून वर जाते आणि वारा असेल तिकडे उतरते. धान निघाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या वॉर्डात ती सगळीकडे असायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, दारातल्या रांगोळीवर. पांढऱ्या कुत्र्याला आमच्या गल्लीत करडं म्हणत. लोक तक्रार घेऊन यायचे. मोठेबाबा त्यांना खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "राखीनं कोणी मरत नाही. साधू लोक तं अंगाले फासून बसते." लोकांनाही हसू यायचं. चहा संपला की ते जायचे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातला एखादा माणूस मिलमध्ये कामाला होता.

मोठी आई रामपायलीची. लग्न होऊन या आवारात आली. घराच्या मागच्या खिडक्या तिनं उघडलेल्या मला आठवत नाहीत. हिवाळ्यात आमच्या भागात घरोघरी गच्चीवर मुंगवड्या घालतात, भिजवलेली मुगाची डाळ वाटून धोतरावर बोराएवढे गोळे टाकायचे. आमच्या घरच्या मुंगवड्या रामपायलीहून यायच्या, तिची बहीण डबे भरून पाठवायची. आमच्या गच्चीवर घातल्या तर संध्याकाळी काळ्या होतात. मोठी आई ते विनोदानं सांगायची, की माझ्या वड्या सासरी नांदत नाहीत.

तिला खोकला होता. आधी हिवाळ्यापुरता, मग बाराही महिने. मी कॉलेजात जायला लागले तोपर्यंत ती झोपताना पाठीला उशा लावून बसूनच झोपू लागली होती. आडवी झाली की श्वास अडकायचा. मराठी वाचायला मला तिनंच शिकवलं. शाळेत हिंदी आणि इंग्रजी होती, मराठी फक्त बोलण्यात. कॅलेंडरच्या पाठीमागे छापलेल्या पाककृती आणि गोष्टी ती माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. पुढे पुढे मी वाचत असताना मधेच तिला खोकल्याची ढास लागायची आणि मी बोट त्या शब्दावर ठेवून थांबायची. तिचा खोकला थांबला की ती फक्त मान हलवायची. वाच.

मोठेबाबांनी तिच्या औषधात काही कमी केलं नाही. गोंदिया, नागपूर, रायपूर, कुणी सांगितलं तिथे नेलं. घरात वाफ घ्यायचं यंत्र आणलं, खोलीतली हवा गाळणारं यंत्र आणलं. गाडी आली त्या वर्षीच्या डिसेंबरात गोंदियाच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून साध्या शब्दांत सांगितलं, की औषध आपलं काम करेल, पण यांच्या छातीत ही धूळ जाणं थांबायला हवं. एक तर यांना तिथून हलवा, नाही तर ती राख थांबवा.  परत येताना जीप पुलावर आल्यावर मोठेबाबा समोर बघतच म्हणाले, "भट्टी एकदा पेटली का सीझनभर विझत नसते." मोठी आई म्हणाली, "मी काही म्हटलं का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मोठेबाबांनी मला अंगणातून हाक मारली. आवाज असा होता की मी चप्पल न घालता धावले. ऊन तिरपं पडलं होतं आणि त्या तिरप्या उन्हात बोनेटवर केसांसारख्या बारीक रेघांचं जाळं दिसत होतं. सगळे नियम पाळूनही. त्यांनी हात लावला नाही, फक्त बोट हवेत धरून दाखवत राहिले. मला म्हणाले, पाह्य बरं, भुशाच्या राखेत असं काय असते.

मी फोनवर शोधलं आणि जे लिहिलं होतं ते मराठीत सांगितलं. धानाच्या भुशाच्या राखेत बहुतेक भाग ज्यापासून काच बनते त्याचाच असतो. कण बारीक असतात पण कडक. पुसताना ते रंगाला ओरखडतात.

त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग दाराजवळच्या कठड्यावरची राख चिमटीत घेतली, बोटांमध्ये चोळली, कानाजवळ नेली. चेहरा उतरला होता. "बाप्पा," ते म्हणाले, "एवढे दिवस मी गाडीवर काच घासून राह्यलो."

आत मोठी आई खोकत होती. अंगणात स्पष्ट ऐकू येत होतं. मी फोन हातात धरून उभी राहिले. मला खात्री होती की पुढचं वाक्य आता येईल. ते इतकं जवळ होतं. ते धुराड्याकडे बघत होते, ओठ हलत होते. मग म्हणाले, "त्या नागपूरच्या पोट्ट्याले फोन लाव. म्हणा रंगाचं काही कर."

नागपूरचा तो मुलगा गाड्यांच्या रंगावर काचेसारखा संरक्षक थर चढवायचं काम करायचा. त्यानं सांगितलं की ओरखडे घासून काढावे लागतील आणि नवा थर द्यावा लागेल, गाडी आठवडाभर त्याच्याकडे नागपूरला ठेवा. मोठेबाबांना ते पटेना. दुसऱ्याच्या दारात एवढे दिवस उभी ठेवायची? मग तो आपली माणसं आणि यंत्रं घेऊन बालाघाटला आला. गाडी पडवीत घेऊन पडवी प्लास्टिकनं बंद केली, दोन दिवस दिवे लावून काम केलं. जाताना त्यानं बजावलं की थर कडक व्हायला एक आठवडा लागेल, तोवर गाडीवर पाण्याचा थेंब नको आणि ही काळी धूळ तर अजिबात नको, बसली तर आतच चिकटून राहील, मग माझ्याकडे इलाज नाही.

तो गेला त्या दिवशी भर सीझनमध्ये आमची भट्टी बंद झाली.

मिलचे लोक चकित झाले. बाहेर धानाचे ट्रक उभे. मोठेबाबांनी सांगितलं की दुरुस्ती आहे. कसली, ते कुणी विचारलं नाही.

मोठ्या आईला पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुराड्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला हाक मारून हळू आवाजात विचारलं, "भट्टी बंद हाय?" मी मान हलवली. ती आत गेली. थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं त्रास होतोय. पण ती हसत होती. म्हणाली, "तोंडानं नाही बोलणार. पण पाह्य, डॉक्टरची गोष्ट मनावर घेतली बाप्पा यांनी."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं माझ्या गप्प राहण्याचा अर्थ नेहमीसारखा स्वतःच लावला.

तो आठवडा मला दिवसादिवसानं आठवतो. तिनं मागच्या खिडक्या उघडल्या. बिजागऱ्या गंजल्या होत्या, मी तेल घातलं. तिनं गाद्या आणि रजया गच्चीवर उन्हात टाकल्या आणि संध्याकाळी त्यांचा वास घेतला. मग मूग भिजवले. गच्चीवर पांढरं धोतर अंथरून आम्ही दोघींनी मुंगवड्या घातल्या, आणि ते धोतर तिसऱ्या दिवशीही पांढरंच होतं. ती सारखी जिना चढून बघायला जायची, मधे एकदाच थांबून. तीन-चार दिवसांनी ती रात्री आडवी झोपली. सकाळी उठून मला म्हणाली की छत कसं दिसते ते विसरलेच होते मी.

तिनं सगळ्यांना सांगितलं. बहिणीला फोन केला, "तुह्या भाऊजीनं माह्यापायी भट्टी बंद केली, भर सीझनमध्ये." शेजारणींना वाटीवाटीनं वड्या पाठवल्या आणि प्रत्येक वाटीबरोबर हीच बातमी. बायका येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, नशीब काढलं बाई. एका दुपारी ती मोठेबाबांच्या ताटात वड्यांचा रस्सा वाढत होती आणि वाढता वाढता म्हणाली, "मी कधी म्हटलं नाही, पण मले वाटे का तुमाले माह्या खोकल्याचा आवाजच येत नाही. चुकलं माह्यं."

मोठेबाबांचा घास हातात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच बसले होते. मी नजर काढून घेतली नाही. त्या क्षणी ते म्हणू शकले असते. काहीही. ते म्हणाले, "मस्त झाल्या वड्या," आणि घास तोंडात घातला.

खरं सांगायचं तर मीही तिला सांगितलं नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी जे मिळालं असं वाटत होतं, ते तिच्याकडून काढून घ्यायला मी कोण? ते तिचं होतं. त्यानंतर तिनं गाडीला धाकटी म्हणणं सोडलं. सकाळी स्वतः अंगणात येऊन मोठेबाबांना चहा द्यायची आणि गाडीभोवती फिरून म्हणायची, छान दिसून राह्यली हो. एकदा जमिनीवर पडलेला कपडा तिनंच उचलून बाजूला केला, त्यांनी सांगायच्या आत.

आठवडा संपला. नागपूरच्या मुलानं फोनवर फोटो बघून थर कडक झाला म्हणून सांगितलं. मोठेबाबांनी वर एक थेंब पाणी टाकून पाहिलं, तो मोत्यासारखा घरंगळत खाली गेला. त्यांनी मलाही बोलावून दाखवलं. त्या संध्याकाळी जेवताना ते मोठ्या आईला म्हणाले, "आता बरी झाली न तू? मंग उद्यापासून चालू करतो."

ती म्हणाली, "हौ, करा. किती दिवस बंद ठेवान माह्यापायी."

गाडीसाठी पुढच्या महिन्यात चारही बाजूंनी बंद होणारं गॅरेज बांधलं. दाराला खाली रबराची पट्टी, कणसुद्धा आत जाणार नाही अशी. हवा गाळायचं जे यंत्र मोठ्या आईच्या खोलीत होतं तसंच एक तिथेही बसवलं. मागच्या खिडक्या मी पुन्हा लावून घेतल्या. मोठी आई उशांना टेकून झोपू लागली, आणि माझ्याकडून कॅलेंडर वाचून घेताना ढास आली की हातानं वारायची, जसं काही पाहुण्यांसमोर नको म्हणून.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. गोंदियाच्या दवाखान्यात, पहाटे. शेवटच्या दिवसांत तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. मोठेबाबा बाहेर बाकावर बसून राहिले, घरी जा म्हटलं तर हलले नाहीत. रडले. मी त्यांच्यासाठी चहा आणला तर ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले आणि प्यायले नाहीत. त्यांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही. ते तसं असतं तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं.

तेराव्याला घर भरलं होतं. बैठकीत सतरंज्यांवर पुरुष, मधल्या दारात बायका. वॉर्डातले लोक होते, मिलवाले होते, लांजीहून माझे आईवडील आलेले. रामपायलीची मावशी दाराच्या चौकटीला टेकून बसली होती आणि मी चहाचा ट्रे घेऊन तिच्यामागे. मोठेबाबा पांढऱ्या कपड्यांत भिंतीशी बसले होते. कुणीतरी म्हणालं, भाऊसाहेब, तुम्ही काही कमी केलं नाही. मावशी डोळे पुसत म्हणाली की माह्या बहिणीसाठी यांनी भट्टीसुद्धा बंद ठेवली होती, कोण करते एवढं?

मला वाटलं ते आता तरी खाली बघतील. पण ते हळूहळू मान डोलावू लागले, आणि मग स्वतःच सांगू लागले. डॉक्टरांनी कसं सांगितलं, बाहेर ट्रक कसे उभे होते, मिलच्या लोकांना दुरुस्तीचं कारण कसं दिलं, कारण बायकोचं नाव घेतलं असतं तर हसले असते. तिनं वड्या कशा घातल्या, आडवी कशी झोपली. सगळं बरोबर सांगत होते. आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता. तेव्हा मला कळलं की ते आता खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. ज्यांच्या हंड्यांवर वर्षानुवर्षं राख पडली ती माणसं समोर बसून माना हलवत होती, आणि बाहेर, त्याही दिवशी, धुराड्यातून धूर निघत होता.

तिचं होतं तोपर्यंत मी ते सांभाळलं. त्यांना ते द्यायचं मी कधीच कबूल केलं नव्हतं.

"या पोरीले विचारा," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे हात केला, अगदी मायेनं. "ही होती घरी. हिनं सगळं पाह्यलं. सांग व बाई."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मान हलवायची होती फक्त. इतकी वर्षं माझं तेवढंच काम होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"मोठेबाबा," मी म्हणाले, "भट्टी तुमी गाडीसाठी बंद केलती."